फ्लॅट तुमचा, पण जमीन कुणाची?

पुण्यात रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात आणि एजंटला विचारलंत की, "इथे सोसायटी आहे की अपार्टमेंट?", तर बऱ्याचदा उत्तर येतं, "अपार्टमेंट आहे, पण सगळं सोसायटीसारखंच आहे हो." पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती आणि गणपतीची वर्गणी एवढ्यापुरतं ते खरंही असतं. पण फ्लॅट विकायला काढला, घरातला कर्ता माणूस गेला, शेजाऱ्यानं वर्षभर मेंटेनन्स थकवला किंवा इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, की ते "सोसायटीसारखंच" फार महागात पडतं.

कारण सामायिक इमारतीत मालकी एका गोष्टीची नसते. तुमच्या दाराच्या आतली जागा वेगळी, जिना-गच्ची-टाकी वेगळी आणि खालची जमीन वेगळी. या तिन्हींचा मालक कोण, हे इमारत कोणत्या कायद्याखाली उभी आहे त्यावर ठरतं. फाटकावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. 'अमुक अपार्टमेंट' असं नाव असलेली रीतसर नोंदलेली सहकारी सोसायटी असते आणि 'तमुक सोसायटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत सोसायटीची नोंदणीच झालेली नसते. भाव विचारण्याआधी कागद कोणता आहे ते विचारा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. पुढे जे येतं ते कोणता कागद काय देतो आणि काय देत नाही, त्याबद्दल.

सोसायटी: मालक संस्था, तुम्ही सभासद

मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. तिथे जो नमुना वापरला गेला, तोच आज मुंबई-ठाण्यातल्या बहुतेक इमारतींचा आहे: जमीन संस्थेची, इमारत संस्थेची आणि सभासदाला त्यातली एक जागा वापरण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क. सरकारी भाषेत याला भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात. आज या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्या कायद्यात एक स्वतंत्र प्रकरणच घातलं गेलं.

या व्यवस्थेत तुमच्या हातात दोन महत्त्वाचे कागद असतात. एक, नोंदवलेला करारनामा आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात ती. दुसरा, भाग दाखला. हा शेअर सर्टिफिकेटचा कागद हातात आला की लोक पुढची बाजू बघतात. नाव, अनुक्रमांक, ५० रुपयांचे दहा शेअर (जुन्या संस्थांत पाच), शिक्का. खरी माहिती पाठीमागे असते. तिथे हस्तांतरणाचे रकाने असतात: तारीख, कुणाकडून कुणाकडे, सभासद नोंदवहीचा क्रमांक आणि अध्यक्ष, सचिव, समिती सदस्य यांच्या सह्या. शेवटच्या ओळीत जे नाव आहे तोच तुम्हाला घर विकतो आहे का, ते बघा. मधलं एखादं हस्तांतरण नोंदलेलं नसेल किंवा सह्यांची जागा कोरी असेल, तर तो घोळ विकणाऱ्यानं निस्तरायचा आणि तोही तुम्ही पैसे देण्याआधी.

सभासदत्वाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे, तो असा की सोसायटीच्या एनओसीशिवाय घर विकताच येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे विकणाऱ्यानं संस्थेला १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. हस्तांतरणासाठी ना हरकत दाखला लागतोच असं नाही. बँकेला तो हवा असतो म्हणून मागावा लागतो, ही गोष्ट निराळी. नव्या सभासदाचा अर्ज आल्यावर संस्थेनं तीन महिन्यांत निर्णय कळवायचा आणि गप्प बसली तर सभासदत्व मिळालं असं कायदा मानतो. नकार दिला तर निबंधकाकडे अपील करता येतं. खर्चालाही मर्यादा आहे. प्रवेश शुल्क १०० रुपये, हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये. घरातल्याच माणसाच्या नावावर जागा होत असेल तर अधिमूल्य लागत नाही. "विकास निधीला ऐच्छिक देणगी" म्हणून लाखभर मागणाऱ्या समित्या आहेत. नाव बदललं म्हणून मर्यादा बदलत नाही, आणि जी दिल्याशिवाय फाइल हलत नाही ती देणगी ऐच्छिक नसते.

जागा भाड्यानं दिली तर बिनभोगवटा शुल्क लागतं. तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि मालमत्ता कर त्यात धरायचा नाही. हा नियम २००१ पासून आहे, तरी भाडेकरू ठेवला म्हणून दुप्पट मेंटेनन्सचं बिल आजही लोक मुकाट्यानं भरतात.

सोसायटीत मत माणशी एक. तुमची चार बेडरूमची जागा असो की वन रूम किचन, सर्वसाधारण सभेत हात एकदाच वर जातो. जागा जोडनावावर असेल तर मत एकच, आणि ते सहसा दाखल्यावर पहिलं नाव असलेल्याचं. बँकेच्या खात्यासारखं कुणाचंही नाव आधी टाकू नका.

याच कायद्यातली दुसरी जात म्हणजे प्लॉटच्या सोसायट्या. पुण्या-नाशकातल्या जुन्या बंगल्यांच्या वस्त्या बहुतेक याच प्रकारच्या. इथे जमीन संस्थेची असते, प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं सभासदाकडे आणि त्यावरचं घर मात्र सभासदाचं स्वतःचं. बंगला विकत घेताना लोक घराच्या भिंती ठोकून बघतात, पण संस्थेनं सभासदाशी केलेला भाडेपट्टा वाचत नाहीत. प्लॉटवर किती घरं बांधता येतील, दोन भावांत वाटणी चालेल का, पाडून पाच मजली इमारत उभी करता येईल का, हे सगळं त्या जुन्या, टाइप केलेल्या दस्तात आणि संस्थेच्या उपविधींत असतं. सभासद कुणाला करायचं यावरही अशा संस्था अटी घालू शकतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व पारशांपुरतं ठेवलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ते वैध ठरवलं. तो निकाल मला पटलेला नाही, पण बंगला घेणाऱ्यानं माझ्या मताकडे न बघता उपविधींकडे बघावं.

अपार्टमेंट: मालक तुम्ही, टक्केवारीसह

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० चा. यात संस्था मालक नसते. फ्लॅटचे मालक तुम्ही स्वतः, आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी या सगळ्यांत तुमचा अविभक्त हिस्सा. तो टक्क्यांत लिहिलेला असतो आणि तो फ्लॅटपासून तोडून वेगळा विकता येत नाही. इमारत या कायद्याखाली आणण्यासाठी बिल्डर किंवा जमीनमालक एक घोषणापत्र नोंदवतो, ते म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. मग प्रत्येक घेणाऱ्याशी स्वतंत्र अपार्टमेंट डीड करतो. सगळे मालक मिळून कारभारासाठी असोसिएशन करतात.

यातला कळीचा कागद घोषणापत्र. ४०-५० पानांचा हा दस्त फारसा कुणी वाचत नाही. निदान त्याच्या शेवटी जोडलेला तक्ता उघडा. फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि पुढे टक्के. तिथून तुमचं मत किती वजनाचं आणि खर्चाचा वाटा किती, हे दोन्ही ठरतं. कायद्यानुसार टक्केवारी फ्लॅटच्या मूल्यावरून काढायची असते. व्यवहारात बरेच जण क्षेत्रफळ धरतात. एकदा नोंदलेले टक्के सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत, म्हणून आधीच बघायचे.

आकड्यांत सांगतो. समजा, इमारतीत २० फ्लॅट आहेत. दहा ६०० चौरस फुटांचे आणि दहा १२०० चौरस फुटांचे. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. सोसायटी असेल तर सेवा शुल्क सगळ्यांना सारखं: प्रत्येकी ३,००० रुपये. अपार्टमेंट असेल आणि टक्केवारी क्षेत्रफळावर काढलेली असेल, तर लहान फ्लॅटला २,००० आणि मोठ्याला ४,०००. मोठ्या फ्लॅटवाल्यांना हे अन्यायाचं वाटतं. "आमची लिफ्ट काय दोनदा वर जाते का?" हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक अपार्टमेंटच्या सभेत एकदा तरी ऐकू येतो. पण कायदा स्पष्ट आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका प्रकरणात तेच सांगितलं: अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च हिश्श्याच्या प्रमाणातच.

आता मतांचं बघा. तळमजल्यावरची तीन मोठी दुकानं बिल्डरनं स्वतःकडे ठेवली आणि तक्त्यात त्यांना मिळून ३८ टक्के दिले असतील, तर वरच्या सोळा कुटुंबांपैकी चार-पाच फुटली की असोसिएशन बिल्डरचीच. घोषणापत्रात "उर्वरित एफएसआय", "भविष्यातील बांधकाम", "गच्चीचे हक्क घोषणाकर्त्याकडे राखून" असे शब्द आले की थांबा आणि तेवढी पानं वकिलाला दाखवा. काही बिल्डर सोसायटीऐवजी अपार्टमेंट का पसंत करतात, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच पानांत असतं.

अपार्टमेंटची बाजू घेण्यासारखंही बरंच आहे. विकताना कुणाकडे सभासदत्वासाठी हात जोडावे लागत नाहीत. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटीसारखा बिनभोगवटा शुल्काचा बडगा नसतो. आणि घोषणापत्रात जमीन असेल व अपार्टमेंट डीड झालं असेल, तर जमिनीतला हिस्सा तुमच्या नावावर त्याच दिवशी येतो. सोसायटीवाल्यांना त्यासाठी बिल्डरच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं. मात्र "डीड झालं असेल तर" हे शब्द पुन्हा वाचा. असंख्य इमारतींत घोषणापत्र नोंदलं गेलं, पण फ्लॅटधारकांशी अपार्टमेंट डीड झालंच नाही. अशा माणसाकडे वीस वर्षांनंतरही फक्त करारनामा असतो आणि तो स्वतःला मालक समजत असतो. रिसेलमध्ये घेताना विकणाऱ्याकडे अपार्टमेंट डीड आहे का, हा पहिला प्रश्न.

थकबाकीत मात्र सोसायटी वरचढ. मेंटेनन्स न भरणाऱ्या सभासदाविरुद्ध सोसायटी निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते आणि तो जप्तीपर्यंत नेता येतो. अपार्टमेंटच्या असोसिएशनला पारंपरिक रस्ता दिवाणी न्यायालयाचा. तिथे तारखांचा खर्चच थकबाकीपेक्षा जास्त होतो. ज्या इमारतीत निम्मे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवले आहेत, तिथे हा मुद्दा हलका समजू नका.

मला विचाराल तर राहण्यासाठी लहान किंवा मध्यम घर घेणाऱ्यानं, बाकी सगळं सारखं असेल तर, सोसायटी पसंत करावी. माणशी एक मत, सारखं सेवा शुल्क, उपनिबंधकाकडे तक्रारीची सोय. कटकटी आहेत, पण त्या सोडवायचे रस्ते मळलेले आहेत. मोठी जागा असेल, कागद पूर्ण असतील आणि घोषणापत्रात बिल्डरनं स्वतःसाठी खिडक्या ठेवलेल्या नसतील, तर अपार्टमेंटही चांगलं.

कमी दिसणारे प्रकार

दक्षिण मुंबईत काही जुन्या इमारती खासगी कंपनीच्या मालकीच्या आहेत. तुम्ही कंपनीचे शेअर घेता आणि त्या शेअरांबरोबर ठरावीक फ्लॅट वापरण्याचा हक्क येतो. मोफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यातही घेणाऱ्यांची सहकारी संस्था किंवा कंपनी असे दोन्ही पर्याय आहेत. इथे उपविधींऐवजी कंपनीची नियमावली चालते, शेअर कुणाला द्यायचे यात संचालकांचा हात असू शकतो आणि बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात. कंपनीचे वार्षिक हिशेब वेळेवर दाखल होतात का, तिच्यावर कर्ज आहे का, हे तपासल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. न्यूयॉर्कला स्थायिक झालेली मुलं घर घेताना 'को-ऑप' म्हणतात, ते आपल्या सोसायटीपेक्षा या कंपनीच्या जास्त जवळचं आहे. तिथे बोर्ड मुलाखत घेतं आणि सहसा कारण न सांगता नकार देऊ शकतं. तिथला 'काँडो' म्हणजे ढोबळमानानं आपलं अपार्टमेंट.

पागडी ही मालकी नाहीच, पण गिरगाव-दादर-परळमध्ये घर बघणाऱ्याला ती भेटणारच. पागडी देणाराही कायद्यानं भाडेकरूच असतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेण्या-देण्याला मान्यता दिली, त्यामुळे व्यवहार चोरून करावा लागत नाही, इतकंच. हस्तांतरणाला घरमालकाची संमती लागते आणि तो रकमेत वाटा घेतो. स्वस्त दिसते म्हणून पागडीची जागा घेणारे बहुतेक जण पुनर्विकासावर डोळा ठेवून असतात. तो पाच वर्षांत होईल की पंचवीस, हे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागून बघा.

तिसरा मुद्दा जमिनीच्या भाडेपट्ट्याचा, आणि तो सोसायटी-अपार्टमेंट दोन्हींना लागू होतो. नवी मुंबईत सिडकोनं जमिनी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिल्या आहेत. म्हाडाच्या वसाहतींतही जमीन भाडेपट्ट्याची. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या जमिनींवरच्या सोसायट्या वेगळ्याच. मिळकत पत्रिकेवर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर पुण्यात पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहती या सरकारी जमिनींच्याच घरातल्या. अशा ठिकाणी संस्था कितीही व्यवस्थित असली तरी वर आणखी एक मालक बसलेला असतो. हस्तांतरणाला त्याची परवानगी, त्याचं शुल्क, आणि पुनर्विकासातही त्याचा वाटा. आधीच्या एखाद्या व्यवहारात परवानगी घेतलेली नसेल तर दंडासह ती रक्कम शेवटी तुमच्या गळ्यात पडते. वर्ग २ ची जमीन रक्कम भरून वर्ग १ करून घेण्याचे नियम २०१९ मध्ये आले. संस्थेनं ते केलं आहे का, अर्ज पडून आहे का, की विचारच नाही, हे सचिवांना विचारा. भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली आहेत तेही विचारा. बँक विचारणारच आहे.

गोव्यात फ्लॅट घेणाऱ्या मराठी माणसाचा वेगळाच गोंधळ होतो. तिथे बऱ्याच ठिकाणी फ्लॅट जमिनीतल्या अविभक्त हिश्श्यासह खरेदीखतानं थेट तुमच्या नावावर होतो आणि सोसायटी असते ती 'मेंटेनन्स सोसायटी', म्हणजे देखभालीपुरती. सोसायटी नोंदलेली आहे म्हणून जमीन सोसायटीची असं तिथे गृहीत धरू नका. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामायिक मानली जाते, त्यामुळे विकणारा गोव्याचा असेल तर दस्तावर त्याच्या जोडीदाराचीही सही हवी. फ्लॅट एकाच्याच नावावर दिसला तरीही.

टाउनशिपमधला तिसरा मजला

हिंजवडी, वाघोली, घोडबंदर इथल्या मोठ्या प्रकल्पांत मालकीला आणखी एक थर असतो. प्रत्येक इमारतीची आपापली सोसायटी आणि त्या सगळ्यांवर फेडरेशन. रेराच्या महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे इमारतीतले ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज बिल्डरनं करायचा असतो. पण फेडरेशनचं घड्याळ सुरू होतं ते शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर. क्लब हाउस, आतले रस्ते, सांडपाणी प्रकल्प, बाग आणि मुळात सगळी जमीन तोवर बिल्डरकडे. म्हणून 'फेज ५' कधी पूर्ण होणार, हा प्रश्न 'फेज १' मध्ये राहणाऱ्याचाही आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याची मुदत आणि मंजूर नकाशा असतो. जाहिरातीतल्या तरणतलावाखालची जमीन नक्की कोणत्या टप्प्यात दाखवली आहे, ते तिथे बघता येतं.

पार्किंगचंही याच जोडीनं तपासा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दहिसरच्या एका प्रकरणात सांगितलं की मोफाखालच्या इमारतीतलं स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते सामायिक. रेरा आल्यावर छताखालचं पार्किंग करारात घेता येतं, उघड्या जागेतलं नाही. तेव्हा "पार्किंगचे वेगळे तीन लाख, पावती नंतर देतो" असं कुणी म्हणालं तर ती जागा करारनाम्यात क्रमांक आणि मापांसह लिहून मागा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज भरला की घराचा प्रश्न मिटला, असं मानून इच्छापत्र न करणारी घरं फार आहेत. सभासद गेल्यावर नॉमिनीला संस्था तात्पुरता सभासद करून घेते; २०१९ च्या दुरुस्तीत ते स्पष्टच लिहिलं आहे. वारसा प्रमाणपत्र, इच्छापत्र किंवा वारसांतला कौटुंबिक करार यावरून खरे वारस ठरेपर्यंत त्यानं ती जागा सांभाळायची. धाकट्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणून मोठ्या मुलीचा हिस्सा जात नाही. समितीनंही नॉमिनीच्या नावानं कायमचा दाखला फाडून देऊ नये. पुढे भावंडांचं भांडण झालं की समितीलाही खेटे घालावे लागतात. अपार्टमेंटमध्ये तर फ्लॅट ही सरळ तुमची स्थावर मिळकत आहे, तिथे इच्छापत्राला पर्याय शोधूच नका. हयातीतच द्यायचं असेल तर राहतं घर पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र दिलेलं सहजासहजी परत घेता येत नाही, हे लक्षात ठेवूनच सही करावी.

आधीच राहत असाल तर

आतापर्यंतचं सगळं घर घेणाऱ्यासाठी झालं. ज्यांनी वीस वर्षांपूर्वीच घेतलं आहे त्यांनी एक काम या आठवड्यात करावं. नगर भूमापन हद्दीत असाल तर इमारतीची मिळकत पत्रिका, नसाल तर सातबारा, भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरून काढावा आणि धारकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचावं. संस्थेचं असेल तर उत्तम. बहुतेक ठिकाणी तिथे मूळ जमीनमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं नाव निघतं, आणि मग समितीतल्या ज्येष्ठांना पहिल्यांदाच कळतं की वीस वर्षं कर भरला, पत्रे बदलले, रंग लावला, पण जमीन आपली झालेलीच नाही. पुनर्विकासासाठी बिल्डर दारात येतो तेव्हा तो पहिलं हेच विचारतो. २०१९ च्या शासन निर्णयानं पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी केली, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर असताना ती संमती घेऊन तुम्ही कुठे जाणार?

बिल्डरनं जमीन करून दिली नाही तर उपाय आहे: मानीव अभिहस्तांतरण, बोलीभाषेत डीम्ड कन्व्हेअन्स. मोफात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे बिल्डर किंवा जमीनमालक सही करायला तयार नसला, परागंदा असला, हयात नसला तरी जिल्हा उपनिबंधक त्याच्या वतीनं हस्तांतरणाचा आदेश देऊ शकतात. अपार्टमेंट डीड अडलेल्यांनाही हा रस्ता खुला आहे. अर्जासोबत संस्थेचा नोंदणी दाखला, सभासदांची यादी आणि त्यांच्या इंडेक्स टू, मंजूर नकाशा, जमिनीचे उतारे आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस जोडायची. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून निराश होऊ नका. त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. कायद्यानं निर्णयाला सहा महिन्यांची मुदत आहे. सभासदांच्या इंडेक्स टू गोळा करण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण कुणाची मुलीकडे असते, कुणाची बँकेत आणि कुणाला ती कधी मिळालेलीच नसते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्ताचं वर्ष आणि नाव टाकून बऱ्याच जुन्या नोंदी सापडतात. त्या कामाला समितीतला एखादा निवृत्त, चिकाटीचा माणूस लावावा.

आणि आदेश मिळाला की पेढे वाटून फाइल कपाटात ठेवणाऱ्या समित्या आहेत, त्यांच्यासाठी: आदेशानं जमीन नावावर होत नाही. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अधिनिर्णित करून घ्यायचा, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्यायचा. मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव चढलं, की तिची एक प्रत इतिवृत्ताच्या वहीत लावा आणि एक प्रत प्रत्येक सभासदाला द्या.